एम्पथी असलेल्या साहेबाला मराठीत काय म्हणायचं?

चाकणला आमच्या प्लांटमध्ये सुपरवायझर लोकांचं ट्रेनिंग आहे, विषय एम्पथेटिक लीडरशिप, म्हणजे समोरच्याला काय वाटतंय ते ओळखून वागणारा साहेब, आणि एचआरने पत्रक माझ्या गळ्यात मारलं कारण म्हणे तू मराठी बरं लिहितोस. ट्रान्सलेटरने 'सहानुभूतीपूर्ण नेतृत्व' असं दिलं. ते लाइनवर दोघांना वाचायला दिलं तर एकाने विचारलं कोण वारलं का, दुसऱ्याला वाटलं निवडणुकीचं काहीतरी आहे. 'समानुभूती' टाकू का? जाणकारांनी सांगा.

—

फोड केली तर सह अधिक अनुभूती, म्हणजे अर्थ पाहिजे तोच आहे खरं तर. पण 'माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती' हे ज्याने एकदा तरी लिहिलंय त्याला माहितीये की सहानुभूती वरून खाली येते, खालचा मागतो आणि वरचा मर्जी असली तर देतो. तो वास आता जात नाही.
समानुभूती घडवलेला शब्द आहे म्हणून नाकं मुरडू नका, इंग्रजीतला एम्पथी पण घडवलेलाच. टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये जर्मन 'आइनफ्युलुंग'वरून केला, आणि तो जर्मन शब्द चित्र-शिल्प बघताना आपण त्यात कसे शिरतो ह्याबद्दलचा होता, ऑफिसशी काही देणंघेणं नव्हतं. फक्त तुमच्या लाइनवर समानुभूती कोणाला कळणार नाही हे नक्की.

—

अनुकंपा पण नको हां, कोणी सुचवायच्या आधीच सांगतो. सरकारी खात्यात अनुकंपा म्हणजे कर्मचारी नोकरीत असताना वारला तर घरातल्या एकाला गट क नाहीतर गट ड मध्ये जागा. 'तो अनुकंपावर लागलाय' म्हटलं की विषय संपला. कणव, कळवळा छान शब्द आहेत पण साहेबाला माझी कणव आली असं कोण अभिमानाने सांगेल?

—

तुम्ही सगळे नाम शोधताय तिथेच गडबड होतेय असं मला वाटतं. आपण हे क्रियापदाने बोलतो आणि ते पण 'घेणे' लावून. समजून घेणे, सांभाळून घेणे, चालवून घेणे, खपवून घेणे. चारही वेगळे आहेत बघा. पोराला ताप आहे म्हणून माणूस उशिरा आला, साहेबाने विचारलं काय झालं, ऐकलं, आणि म्हणाला दोन दिवस सेकंड शिफ्टला ये, हे समजून घेणं. नवीन मुलाला मशीन जमत नाही तर शेजारी अनुभवी माणूस उभा केला, हे सांभाळून घेणं. रोजच उशिरा येतो आणि कोणी काही बोलत नाही ते चालवून घेणं, आणि दारू पिऊन आला तरी गप्प ते खपवून घेणं. ट्रेनिंगमध्ये सुपरवायझर लोकांची भीती हीच असते की एम्पथी म्हणजे खपवून घ्या, म्हणून ते पहिल्या दहा मिनिटांत कान बंद करतात. मी स्वतः टीम लीड आहे म्हणून सांगते, पत्रकात हा फरक लिहिलात तर अर्धं काम झालं.

—

ताई सहमत, पण 'पाठीशी' राहिलं. पाठीशी घालणे वाईट आणि पाठीशी उभं राहणे चांगलं, क्रियापद बदललं की अर्थ उलटा! उदाहरण पाहिजे तर इस्रोचं द्या. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ ह्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, प्रकल्प कलामांकडे होता, पण पत्रकारांसमोर अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि जबाबदारी अंगावर घेतली. पुढच्या वर्षी १८ जुलैला यान यशस्वी झालं तेव्हा मात्र कलामांना म्हणाले, पत्रकार परिषद तुम्ही घ्या. कलामच हा किस्सा सांगायचे. आता ह्यात साहेबाने कुठे खांद्यावर हात ठेवून गोड बोलल्याचं येत नाही, तरी ह्याच्यापेक्षा चांगली एम्पथी मला तरी सुचत नाही. हरलेल्या माणसाला त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर काय वाटेल हे त्यांना कळलं होतं, बस.

—

'जाण असलेला साहेब' कसं वाटतं? आमच्याकडे कोल्हापुरात सर्रास म्हणतात.

—

जाण बरोबर आहे पण 'जाण ठेवणे' झालं की उपकाराची आठवण येते. कामगार उलटं वाचतील, की कंपनीने दिलंय त्याची जाण ठेवा.

—

धागा काढणारा मीच. सगळ्यांचे आभार, भारी चर्चा झाली. 'नेतृत्व' कापलं, ते आमदारांकडे राहू दे. ताईंचे चारही शब्द उदाहरणांसकट टाकतोय आणि धवनांचा किस्सा शेवटी. वर मोठ्या अक्षरात 'माणसं समजून घेणारा सुपरवायझर' लिहिलं तर एचआर म्हणते लांब होतं, बॅनरवर तीन शब्दांच्या वर बसत नाही. 'आधी विचारा, मग बोला' चार होतात. एक शब्द कमी करून द्या कोणीतरी, उद्या दुपारपर्यंत छापायला जायचंय.

—

'आधी ऐकून घ्या'. घेणे पण आलं त्यात.