मदत हवी आहे: बूशेचं 'हर्क्युलीस आणि ऑम्फाली' कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

नमस्कार मंडळी. फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशेचं हे तैलचित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे, साधारण १७३५ चं. ग्रीक पुराणकथेतली लिडियाची राणी ऑम्फाली आणि तिचा गुलाम झालेला वीर हर्क्युलीस चुंबनात पार बुडालेत, तिचा पाय सरळ त्याच्या मांडीवर. त्याचं सिंहाचं कातडं आणि तिची सूत कातायची काठी सांभाळतायत छोटे क्युपिड (पंखवाली प्रेमदेवतेची बाळं)! फ्रेंच चित्रकार लमुआनच्या याच विषयावरच्या १७२४ च्या चित्रात (हे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात) काठी खुद्द हर्क्युलीसच्या हातात आहे, कातडं राणीच्या अंगावर.

दोन्हींवर लिहायचंय, पण छापील प्रतींत बूशेचे रंग दरवेळी वेगळेच दिसतात. मॉस्कोला जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा: हर्क्युलीसची त्वचा खरंच इतकी तांबूस आहे का? ब्रशचे फटकारे दिसतात की सगळं गुळगुळीत? जवळून काढलेला फोटो मिळाला तर फार उपकार होतील.