गाय खरी की तक्ता खरा? विस्कॉन्सिनच्या सोळा कालवडी

कडबाकुट्टी:
हल्ली दूधधंद्याच्या कुठल्याही ग्रुपवर जा, एकच चाललंय, प्रोटीन किती, टीडीएन (चाऱ्यातला एकूण पचणारा भाग) किती, रेशन बॅलन्स केलं का. पोत्यामागचा तक्ता वाचून लोक गाई सांभाळायला लागलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. चाऱ्याची खरी परीक्षा गाईच्या पोटात होते आणि तीसुद्धा दोन-तीन वेतं गेल्यावर. कागदावरचं गणित त्याच्या नंतर.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक नावाचा केमिस्ट होता, १८९० मध्ये दुधाची फॅट काढायची टेस्ट शोधली ती यानंच, आपल्या डेअरीतल्या गर्बर फॅट टेस्टच्याही आधी, आणि पठ्ठ्यानं पेटंट घेतलं नाही. त्या काळी चारा मोजायचा म्हणजे जर्मन पद्धत. १८६० च्या दशकात जर्मनीत वेंडे इथं हेन्नेबर्ग आणि स्टोहमान यांनी क्रूड प्रोटीन, क्रूड फायबर असे भाग पाडायची रीत बसवली, तुमच्या पोत्यावर आज जे छापलेलं असतं ते तिथलंच. मग १८६४ ला वोल्फनं तक्ते काढले, एवढ्या वजनाच्या गाईला एवढं प्रोटीन, एवढं पिष्ट. तेवढं जुळलं की झालं, मग ते गव्हातून येवो नाहीतर मक्यातून. बॅबकॉकला हे पटेना. असं सांगतात की तो चेष्टेत म्हणायचा, तुमच्या हिशोबानं कातडं आणि कोळसा मिसळला तरी झकास पशुखाद्य होईल.

बरीच वर्षं त्याला कोणी गाईच देईना. एकदा मीठ तोडून बघायची परवानगी मिळाली, त्यात एक गाय दगावली आणि ते बंद झालं. शेवटी मे १९०७ मध्ये हार्ट, हम्फ्री आणि नवीन आलेला मॅककॉलम यांच्यामुळं प्रयोग उभा राहिला. सोळा कालवडी, चार गट. एका गटाला सगळं मक्याचं, दाणा, भरडा, ताटं. दुसऱ्याला सगळं गव्हाचं, काडासकट. तिसऱ्याला ओटचं आणि चौथ्याला तिन्हीची मिसळ. तक्त्यात चौघांचं खाणं सारखंच बसवलेलं, आणि सुरुवातीला वजनंही जवळपास सारखीच वाढली.

मग गाई व्यायला लागल्या. मक्यावाल्यांची वासरं धडधाकट, उठून कासेला लागणारी. गव्हावाल्यांची दिवस भरायच्या आधीच, हलकी, काही मेलेलीच आणि जी जिवंत निघाली ती पण टिकली नाहीत. पहिल्या महिन्यात मक्यावाल्या गाईंचं दूध गव्हावाल्यांच्या जवळपास तिप्पट. पुढं चारा उलटा करून बघितला तर निकालही उलटा आला. आणि इकडं मॅककॉलम बिचारा चारा, शेण, मूत, दूध सगळं तपासत बसलेला, त्याच्या हाती काहीच लागेना.

म्हणजे तक्ता म्हणत होता चौघी सारख्या, आणि गाई म्हणत होत्या नाही. कोण खरं निघालं?

बुटिरोमीटर:
गोष्ट छान सांगितलीत पण जिथं तुमच्या सोयीचं आहे तिथंच थांबलात. मी डेअरीच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं तक्त्याची बाजू घेणारच, आधीच सांगितलेलं बरं.

गटात गाई किती, चार. त्यातली एखादी मुळातच कमजोर निघाली तर? बरं ते सोडा, चौथ्या गटाचं काय झालं ते तुम्ही सांगितलंच नाही. तिन्ही धान्यांची मिसळ खाणारा गट, म्हणजे कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल हाच पहिला येणार, त्यांचीही वासरं मेली. ओटवाल्यांचीही बहुतेक दुबळी निघाली. म्हणजे गाईंनी एवढंच सांगितलं की काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते त्या सांगू शकल्या नाहीत, आणि १९११ च्या अहवालातही कारण सापडलं नाही असंच आहे. चार वर्षं, सोळा जनावरं, आणि कारण शून्य!

कारण कुठं सापडलं तर उंदरांमध्ये. मॅककॉलमच्या लक्षात आलं की गाय वाढणार, गाभण राहणार, विणार, यात आयुष्य जाईल. त्यानं १९०८ मध्ये शिकागोहून बारा पांढरे उंदीर आणले, स्वतःच्या खिशातले सहा डॉलर घालून, कारण शेतकऱ्यांच्या पैशावर उंदीर पोसायचे म्हणजे कॉलेजची पंचाईत. मार्गरीट डेव्हिस नावाची बाई कित्येक वर्षं पगार न घेता ते उंदीर सांभाळत होती. १९१३ मध्ये दोघांनी दाखवलं की लोण्याच्या फॅटमध्ये आणि अंड्याच्या बलकात असं काही आहे जे डुकराच्या चरबीत नाही, आणि त्याच्याशिवाय उंदीर वाढत नाहीत. तेच आपलं अ जीवनसत्त्व. येल विद्यापीठातले मेंडेल आणि त्यांचे सहकारी ऑस्बोर्न हे पण त्याच वर्षी तिथंच पोचले.

आणि मग १९१९ मध्ये विस्कॉन्सिनच्याच स्टीनबॉकनं मक्याचंच बिंग फोडलं, पिवळ्या मक्यात ते आहे, पांढऱ्यात नाही. त्या कालवडींना पांढरा मका घातला असता तर तुमची ही गोष्ट काय झाली असती याचा विचार करा.

कडबाकुट्टी:
उंदीर मान्य. पण उंदीर म्हणजे तरी काय, खाऊ घालून बघणंच ना? मी कुठं म्हणालो गायच पाहिजे. त्यानं उंदराला लोणी घातलं, चरबी घातली आणि कोण वाढतो ते बघितलं. परीक्षानळीत नाही सापडलं ते. तुम्ही माझीच बाजू मांडताय राव.

माणदेशी_दादा:
तुमी दोगं लई शिकलेली दिसताय, आमी साधी माणसं, पन वासरू आंधळं जन्मणं काय असतं ते आमाला ठावं हाय. दुष्काळात नुसत्या वाळल्या काडावर न कडब्यावर गाय काढली, हिरवं काय डोळ्याला दिसलं न्हाई, आन वासरू झालं ते कवळं, उभंच ऱ्हाईना, डोळ्यावर सारा. डॉक्टरनं अ जीवनसत्वाचं इंजेक्शन दिलं गाईला. मला तवा वाटलं काय तरी नवीन औषध हाय, आता कळतंय का ह्ये तर शंभर वरसामागं गाईला घालून बघितलेलं. मग आमच्यापर्यंत यायला एवढा टाईम का लागला ह्यावर कोन बोलनार?

बाकी जुनी मानसं शानी हुती. तक्ता बिक्ता काय नसताना जनावरं जगवली.

बुटिरोमीटर:
दादा, पहिल्या भागाशी शंभर टक्के सहमत. काड वाळून पिवळं पडलं की त्यातलं कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून गाय अ जीवनसत्त्व बनवते ते, गेलं, आणि गाईच्या लिव्हरमधला साठा काही महिने पुरतो, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात कळत नाही, दुष्काळ लांबला की वासरावर निघतं. विस्कॉन्सिनच्या गव्हावाल्यांचं तेच झालं. मक्याची ताटं पानासकट होती आणि दाणा पिवळा होता म्हणून ती वाचली. शिवाय काडात कॅल्शियमही कमी, ते हार्ट आणि मंडळींनी ओटवर पुढं काम करून दाखवलं.

पण जुनी माणसं शहाणी होती हे मी मानणार नाही. जनावरं जगली ती आपल्याला आठवतात, मेली त्यांची नोंद कोणी ठेवली? जुन्या माणसांनी वासरू आंधळं झालं की नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या.

लोणंदकर७७:
एवढं वाचून दूध किती लिटर वाढलं ते सांगा 😂

कडबाकुट्टी:
वाचून नाही वाढत, खाऊ घालून वाढतं, तेच तर म्हणतोय सकाळपासून.

कुरणवाली:
तुम्ही सगळे गव्हाणीतच अडकलात. माझं काम गवताळ रानावर आहे, पुण्यात, म्हणून मध्ये पडते. "गाईला विचारा" हे ऐकायला फार गोड आहे पण मोकळ्या रानात गाय स्वतः निवडून खाते तेव्हा काय होतं ते बघा.

दक्षिण आफ्रिकेत १९१९-२० च्या सुमारास आर्नल्ड थायलर या पशुवैद्यकानं लॅमसिक्टे नावाच्या रोगावर काम केलं. चरायला सोडलेली गुरं लुळी पडायची आणि मरायची. आधी सगळ्यांना वाटलं गवतात काही विषारी आहे, म्हणून रानातल्या वनस्पती एकेक करून खाऊ घातल्या, काही झालं नाही. शेवटी कळलं की गुरं रानात पडलेली हाडं चघळतायत. त्या जमिनीत फॉस्फरस कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गुरांना हाडांची ओढ, आणि मेलेल्या जनावराच्या हाडांवर बोट्युलिझमचं, म्हणजे कुजक्या मांसात वाढणाऱ्या जंतूचं, विष. म्हणजे फॉस्फरस शोधायला गेलेली गाय विष खाऊन मेली. तुमची गाय एवढी हुशार असती तर हाड निर्मळ आहे का ते आधी बघितलं असतं तिनं. इलाज काय निघाला तर रोज थोडं हाडांचं पीठ. गुरं हाडं चघळायची थांबली, रोग थांबला, वर वजनं वाढली ती वेगळीच.

आपल्याकडे म्हशी चपला, चिंध्या, माती चघळतात ते याच घरातलं दुखणं. आता हाडांचं पीठ न घालता मिनरल मिक्स्चरमधून डायकॅल्शियम फॉस्फेट देतात. आणि ते किती द्यायचं हे म्हशीला विचारून ठरवत नाहीत.

कडबाकुट्टी:
ताई, उदाहरण भारी आहे, वाचून मजा आली. पण एक बघा, गवत तपासून नाही कळलं त्यांना. गुरांच्या मागं फिरून कळलं. जमिनीचा फॉस्फरस नंतर मोजला असेल, आधी माणूस रानात जाऊन उभा राहिला आणि बघितलं की ही हाडं खातायत. मी गाय हुशार आहे असं म्हणतच नाही, गाय अडाणीच आहे. मी म्हणतो गाय खोटं बोलत नाही.

कुरणवाली:
हे वाक्य स्टेटसला ठेवायला चांगलं आहे, पण गाय अर्धंच बोलते त्याचं काय?

आपल्याच गावचं सांगते. पुण्यात भांबुर्ड्याला, म्हणजे आताच्या शिवाजीनगरकडे, कृषी खात्याचे बर्न्स आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी, गोडबोले यांनी १९२० च्या दशकात कुरणांवर काम केलं होतं. गवत राखलं तर काय येतं, मोकाट चारलं तर काय उरतं. आता गाईच्या नजरेनं बघा, गाय चांगलं गवत आधी खाते. पवना, मारवेल संपवते आणि कुसळीला तोंड लावत नाही, निदान कुसळं धरल्यावर तर नाहीच. दरवर्षी तेच झालं की पाच-सात वर्षांत सगळं रान कुसळीचं. त्या वर्षापुरता गाईचा निकाल बरोबर असतो, पण रानाचं वाटोळं होतंय हे ती सांगत नाही. त्याला कोणीतरी चौकोन आखून, गवताच्या जाती मोजून, वर्षानुवर्षं वही भरायला लागते. इंग्लंडात रॉथमस्टेडला पार्क ग्रास नावाचं शेत आहे, १८५६ पासून तिथं गवत कापून मोजतायत, अजून बंद केलेलं नाही. इतका धीर आपल्या किती संस्थांना आहे हा वेगळा धागा काढा.

माणदेशी_दादा:
कुसळीचं बराबर बोललात ताई. मेंढरांच्या तोंडात, कातड्यात घुसतात. आमच्याकडं माळ राखायची रीत हुती गावाची, आता माळच ऱ्हायला न्हाई, प्लॉट पडलं.

सह्याद्री_व्हेट:
कोणीच बोललं नाही म्हणून विचारतो. त्या प्रयोगात जी वासरं मेली त्याचं काय? आज असा प्रयोग एथिक्स कमिटीपुढं पासच होणार नाही. चार वर्षं जाणूनबुजून गाई उपाशी नाही पण कुपोषित ठेवल्या.

कडबाकुट्टी:
जाणूनबुजून कसं? तक्त्याप्रमाणं सगळं पूर्ण होतं. तक्त्यावर विश्वास ठेवून हजारो शेतकरी तेच करत असणार, त्यांच्या गोठ्यात वासरं मरत होतीच, फक्त मोजत कोणी नव्हतं.

सह्याद्री_व्हेट:
पहिल्या वेताला कळलं होतं. दुसऱ्या वेताला परत तेच घातलं, तेव्हा तरी माहीत होतं ना? मला प्रयोग महत्त्वाचा वाटतो, पण "गाईला विचारलं" असं म्हणू नका. गाईवर करून बघितलं म्हणा.

बुटिरोमीटर:
दुसऱ्यांदा केलं नसतं तर पहिल्याला योगायोग म्हणून उडवून लावलं असतं, गटात चारच गाई होत्या. पण डॉक्टर, मुद्दा तुमचा आहेच, आणि म्हणूनच मला उंदरांचा आणि लॅबचा रस्ता बरा वाटतो, हार्ट आणि मंडळींना गाईवर चार वर्षं लागली ते आज रक्ताच्या आणि चाऱ्याच्या नमुन्यावर आठवड्यात कळतं. कडबाकुट्टी म्हणतात तसं दोन-तीन वेतं थांबायचं तर तोपर्यंत शेतकरी कर्जात बुडेल. जुना तक्ता अपुरा होता, त्यात जीवनसत्त्व नव्हतं, खनिजं नव्हती. त्याच्यावर उपाय नवीन रकाना वाढवणं हा आहे, तक्ता फाडणं नाही.

कडबाकुट्टी:
आणि पुढचा रकाना कोणता राहिलाय ते तुम्हाला आज माहीत आहे का? वोल्फलाही वाटलं होतं आपला तक्ता पुरा झाला.

माणदेशी_दादा:
त्ये भांडान चालू द्या. उन्हाळ्यात हिरवं न्हाई, उसाचं वाढं तेवढं मिळतंय, करू काय ते सांगा कोनी तरी.

बुटिरोमीटर:
वाढं एकटं घालू नका. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि मग गाय व्याली की खाली बसते. कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, मिनरल मिक्स्चर रोज द्या. अ जीवनसत्त्वासाठी थोडी लसूणघास जमली तर बघा, नाहीतर पावसाळ्यात मक्याचा मुरघास करून ठेवा, दाणा दुधात-चिकात असताना कापलेला. उन्हात वाळवलेल्या वैरणीपेक्षा त्यात कॅरोटीन बरंच टिकतं.

माणदेशी_दादा:
मुरघास हाय थोडा पाव्हन्याकडचा. वरच्या थराला बुरशी आलीया, ती बाजूला काढून घातला तर चालंल का? फेकवत न्हाई जीवावर येतं.

सह्याद्री_व्हेट:
बुरशीचा थर फेकाच, आणि त्याच्या खालचा वीतभरसुद्धा. गाभण गाईला तर अजिबात नको. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या बुरशी आलेल्या वैरणीनं गुरं आतल्या आत रक्त वाहून मेली होती, शिंगं कापली किंवा खच्ची केलं तरी रक्त थांबेना. १९३३ मध्ये एक शेतकरी बर्फाच्या वादळात ते न गोठणारं रक्त कॅनमध्ये घेऊन विस्कॉन्सिनलाच पोचला होता, तिथल्या कार्ल लिंकच्या लॅबनं त्यातूनच पुढं डायकुमॅरॉल, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य, शोधलं आणि त्याच्यावरून वॉरफरिन, उंदीर मारायचं औषध. तुमच्या मुरघासातली बुरशी वेगळी, तिचं विष वेगळं, पण सल्ला तोच. पाहुण्यांना सांगा खड्डा नीट दाबून, हवा काढून, वरून प्लास्टिक घट्ट बांधायला, आणि रोज तोंड उघडलं की निदान अर्धा फूट तरी काढा.