मदत हवी आहे: कम्प्लीट हार्ट ब्लॉकचा पेशंट पुढे पाठवताना आयसोप्रिनालिनची ड्रिप

तालुका_डॉक्टर
नमस्कार. पेसिंगची (विजेच्या झटक्यांनी ठोके चालवण्याची) सोय नसलेल्या ग्रामीण रुग्णालयासाठी विचारतो आहे. वयस्कर पेशंट, कम्प्लीट हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्यांचा विद्युत संदेश खालच्या कप्प्यांत पोचतच नाही), ठोके ३०-३२, ईसीजीत क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) रुंद, उठवून बसवलं की चक्कर, बीपी १०४/५०. ठोके वाढवायला दिलेल्या ॲट्रोपिनने फरक नाही. पेसमेकरचं केंद्र दोन तासांवर. आयसोप्रिनालिन लावून पाठवावं का? सिरिंज पंप नसेल तर थेंबांचा हिशेब कसा धरायचा? आणि हृदयाला चालना देणाऱ्या या औषधाने बीपी उतरतं ते का?

हृदय_विभाग
शेवटचा प्रश्न आधी घेतो, निवड त्यावरच ठरते. आयसोप्रिनालिन बीटा-१ आणि बीटा-२ या दोन्ही रिसेप्टरवर (पेशींवरच्या, औषध जिथे बसतं त्या जागा) काम करतं, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अल्फावर जवळजवळ नाही. बीटा-१मुळे ठोके आणि जोर वाढतो. बीटा-२मुळे श्वासनलिका उघडतात, पण स्नायूंमधल्या रक्तवाहिन्याही सैल पडतात आणि खालचं बीपी घसरतं. हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते याच खालच्या बीपीवर. म्हणजे काम वाढवलं आणि पुरवठा कमी केला. म्हणून छातीत दुखत असेल, ईसीजीत ताज्या अटॅकच्या खुणा असतील तर हे औषध नको. वरचं बीपी ९०च्या खाली असेल तर ॲड्रिनालिन मिनिटाला २ ते १० मायक्रोग्रॅम, किंवा डोपामिन.

तुम्ही लिहिलेल्या बीपीला सुरू करता येईल, पण त्याआधी दोन गोष्टी बघाच. ईसीजीत टी वेव्ह उंच, टोकदार (पोटॅशियम वाढल्याची खूण) आहेत का? पोटॅशियम वाढल्यामुळे ठोके मंदावले असतील तर आधी कॅल्शियम ग्लुकोनेट. आणि पेशंटच्या औषधांच्या पिशवीत डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आहे का? डिगॉक्सिनच्या विषबाधेत आयसोप्रिनालिन दिलं तर व्हीटी (खालच्या कप्प्यांतून सुटणारे धोकादायक वेगवान ठोके) ओढवते. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नेहमीच्या डोसला प्रतिसाद कमी मिळतो.

रुंद क्यूआरएसच्या ब्लॉकमध्ये ॲट्रोपिन बहुधा चालत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आयसीयू_सिस्टर
हिशेब असा: १ मिलिग्रॅम औषध २५० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे १ मिलीत ४ मायक्रोग्रॅम. मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे मिनिटाला १५ थेंब पडले की १ मायक्रोग्रॅम जातं. १५ थेंबांवर सुरू करा, दर पाच मिनिटांनी नाडी-बीपी बघून १५ने वाढवा. ७५ थेंब म्हणजे ५ मायक्रोग्रॅम.

चुका होतात त्या दोन जागी. एक, ॲम्प्यूल. कुठे १ मिलीत २ मिलिग्रॅम असतं, कुठे ०.२. दोनवाली अख्खी ओतली की बाटली दुप्पट ताकदीची. तिच्यातलं अर्धा मिली १ मिलीच्या सिरिंजने मोजून घ्या आणि बाटलीवर 'आयसो १ मिग्रॅ / २५०' असं मोठ्या अक्षरांत लिहा. दोन, सेट. घाईत २० थेंबांचा साधा सेट लागला तर तेच ३० थेंब २ऐवजी ६ मायक्रोग्रॅम देतात.

लाइन वेगळी ठेवा. त्याच लाइनने इंजेक्शन ढकललं तर नळीतलं आयसोप्रिनालिन एकदम आत जातं. सोडाबायकार्ब त्यात मिसळायचं नाही. उजेडात औषध बिघडतं, बाटली काळ्या कागदात गुंडाळा. गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर फेकून द्या.

तालुका_डॉक्टर
आभार, सिस्टर. पेशंटला दमाही असेल तर एकाच औषधात दोन्ही कामं होतील ना? आणि ठोके किती झाले की थांबायचं?

हृदय_विभाग
दम्यासाठी नको, सर. १९६०च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये जास्त ताकदीच्या आयसोप्रिनालिन इन्हेलरचा वापर वाढला, तसे दम्याचे मृत्यूही वाढले. १९६९मध्ये साल्ब्युटामॉल आलं ते मुख्यतः बीटा-२वर काम करणारं. घरघर असेल तर त्याचंच नेब्युलायझेशन द्या, मात्र ड्रिप चालू असताना दोन्हींचा भार हृदयावरच पडतो हे धरून. दोन्ही औषधं पोटॅशियम खाली आणतात.

ठोके ८० करायचे नाहीत. ५०-६०, पेशंट नीट बोलतोय, लघवी होतेय, एवढं पुरे. व्हीपीसी (खालच्या कप्प्यांतून वेळेआधी येणारे जादा ठोके) लागोपाठ यायला लागले, छातीत दुखलं किंवा खालचं बीपी आणखी पडलं तर ड्रिप लगेच बंद. अर्धायुष्य २ ते ५ मिनिटांचं, असर लवकर ओसरतो. पण ठोकेही तितक्याच लवकर पुन्हा तिशीवर येतात, म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये ॲड्रिनालिन भरून आणि डिफिब्रिलेटर पॅड लावून निघा. त्या डिफिब्रिलेटरला बाहेरून पेसिंगचं बटण आहे का ते आत्ताच बघून ठेवा. असेल तर पहिला मान त्याचा.