मदत हवी आहे: अम्मानच्या किल्ल्यावरील उमय्यद राजवाड्याचा घुमट

जॉर्डनच्या राजधानीतल्या जबल अल-कला टेकडीवरचा हा राजवाडा उमय्यद खलिफांच्या (सुरुवातीच्या इस्लामी राजघराण्याच्या) काळातला, आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला. 749 च्या भूकंपात ढासळला. अडलंय ते दक्षिणेच्या प्रवेश-दालनापाशी. आराखडा क्रुसाकार: येण्याजाण्याच्या दोन भुजांवर पिंपासारखी कमान, बाजूच्या दोन भुजांवर अर्धघुमट. भिंतींवर आंधळ्या (आरपार नसलेल्या, शोभेच्या) कोनाड्यांच्या ओळी, थेट ससानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणी वळणाच्या. मधला चौक मात्र वादाचा: त्यावर मुळात घुमट होता की नाही? आज दिसणारा लाकडी घुमट स्पॅनिश पथकाच्या जीर्णोद्धारातला, विसाव्या शतकाच्या अखेरचा. फोटोत तो मूळचाच वाटतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

काहींच्या मते मधला भाग उघडाच होता. पटण्यासारखं आहे, कारण भुजांवरचं छत दगडी आणि मधलंच लाकडी, हे जरा खटकतं. उलट उत्तर टोकाच्या, इवानमागच्या (इवान म्हणजे एका बाजूने उघडं, कमानदार छताचं दालन) सिंहासन-दालनावर घुमट मानतातच.

विचारायचं असं: चौकाच्या कोपऱ्यांत घुमट पेलणाऱ्या कोनकमानींची मूळ खूण आहे का? फरसबंदीत पावसाच्या पाण्याचा उतार किंवा पन्हळ सापडली होती का? जवळच मोठं गोल टाकं आहे, तेव्हा पाणी तिकडे वळवलं असेल का? जीर्णोद्धारापूर्वीचे फोटो किंवा मोजणीचे नकाशे असतील तर कृपया टाका.