शाळेचं दाखलखारीज रजिस्टर काढा आधी

भाऊ, "वेडाचं सोंग घेतलं की कोणीही फाशीतून सुटते" हे म्हणणं पटत नाही. बौद्धिक अक्षमता, म्हणजे बुद्धीची वाढच कमी असणं, 18 वर्षांआधीच दिसते. जिल्हा परिषद शाळेच्या रजिस्टरात वीस वर्षांपूर्वीच्या शाईत लिहिलेलं असते, पोरगा पहिलीतच तीनदा बसला. हे सोंग कसं घेणार?

अडचण उलटीच आहे. आपल्याकडे खेड्यात पहिला इलाज अंगाऱ्याचा, म्हणून केसपेपरच नसतो. नागपूरच्या मनोरुग्णालयाची चिठ्ठी असलीच तर कोठीत, उंदरानं कुरतडलेली. वकील भारतीय न्यायसंहितेचं कलम 22 (जुन्या दंडसंहितेचं 84) लावतो, म्हणजे मन ठिकाणावर नसताना केलेलं कृत्य गुन्हा धरत नाहीत. त्यात गुन्ह्याच्या वेळची अवस्था दाखवावी लागते. ते फसलं की आजाराचा मुद्दाच सोडून देतो. घोडचूक! दोषी ठरल्यावर होणाऱ्या शिक्षेच्या सुनावणीत तेच कागद पुन्हा लावायचे: दाखला, केसपेपर, अपंगत्व प्रमाणपत्र, गुरुजींची साक्ष. फाशीच्या खटल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या मनोज निकालानं तर मानसिक तपासणीचा अहवाल सत्र न्यायालयातच मागवायला सांगितलं आहे.

आणि "सुटते" कोण? 2019 ला महाराष्ट्रातल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे फाशी रद्द केली. कैदी मात्र मरेपर्यंत आतच. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, कैद्याला वकील फुकट मिळते.