मदत हवी आहे: बलून फ्लॉवरच्या मुळांना फाटे फुटतात

बलून फ्लॉवर म्हणजे चिनी औषधातलं 'जिएगंग', कोरियन स्वयंपाकातलं 'दोराजी'. न्यू जर्सीतल्या वाफ्यात दुसरं वर्ष आहे. फुलं देखणी येतात: कळी फुग्यासारखी टम्म फुगते, शिवणींवर उकलते आणि निळीजांभळी चांदणी होते. पण औषधात वापरतात ते मूळ, आणि ते गाजरासारखं सरळ हवं. उपटून पाहिलेल्या तीन रोपांना बोटभर खोलीवरच चार-पाच फाटे निघाले. अशी मुळं सोलताना निम्मी वाया जातात.

बी मार्चमध्ये घरात ट्रेमध्ये पेरलं, वर माती न टाकता, कारण उगवायला उजेड लागतो. तापमान २० अंशांच्या आसपास. चार पानांवर रोपं बाहेर, २० सेंमी अंतरावर. वाफा ३० सेंमी खणलेला, त्याखाली चिकण माती. शेणखत भरपूर, पण पुरतं कुजलेलं नव्हतं.

संशय लावणीवर जास्त आहे. सोटमुळाचं टोक दुखावलं की बाजूची मुळं जाड होतात. वाफ्याच्या कडेला सांडलेल्या बियांतून आलेल्या एकमेव रोपाचं मूळ सरळसोट निघालं. खत मात्र तिथेही तेच होतं.

जाणकारांनी कृपया सांगावं: थेट पेरायचं तर बी ऑक्टोबरमध्ये टाकावं की एप्रिलमध्ये? विरळणी किती उंचीवर करावी? मूळ पोसण्यासाठी कळ्या खुडतात, त्या दिसल्याबरोबर खुडाव्या की फुगल्यावर? आणि चिकण मातीवर उंच गादीवाफा करायचा तर ४० सेंमी पुरेल का?