कानबाईचे फोटो आहेत, आठवण कुठे गेली?

श्रावणात अमळनेरला आमच्या कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचे, रोट (तिचा उत्सव) होते. सोमवारी बोरी नदीवर विसर्जनाला जाताना मी दोनशेवर फोटो काढले. पण आईने डोक्यावर पाट घेतला तेव्हा ती कोणतं गाणं म्हणत होती, तेच आठवत नाही. जीवाला लागलंय. तुमचंही होतं का असं?

पारोळेकर: होतं, ताई. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा संग्रहालयातला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फोटो काढलेल्या वस्तूंचे तपशील लोकांना कमी आठवले. एखाद्या भागावर झूम केलं, तर मात्र आठवण टिकली.

शहाद्याची लेक: माझ्याकडे आजीचा एकच फोटो आहे, कडा पिवळ्या पडलेला. पदराला पीठ लागलंय. बघितला की कळण्याच्या भाकरीचा वास येतो.

प्रश्नकर्ती: आईला फोन लावला. पहिली ओळ तिने लगेच म्हटली. लिहून घेतेय.